दाभोळची फेरीबोट

ट्रेनने गेलो असतो तर आराम पडला असता, असं जावई म्हणत होते. पण गुहागरला जायचं तर गाडीनेच आणि दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडून, हा हट्ट माझा.

बोटीवर पुढच्या गाडीतल्या माणसाने इंजीन बंद केलं, स्टिअरिंगवरचे हात सैल सोडले आणि बायकोकडे पाहिलं. हे होते तेव्हा असंच करायचे. घरून निघाल्यापासून रस्त्याखेरीज कशाकडेही न बघणारे हे, बोटीवर मात्र माझ्याशेजारी कठड्याला टेकून उभे राहायचे. "दमलीस का गं?" म्हणायचे. बोलणं रंगू लागेपर्यंत पलीकडचा धक्का यायचा. खाडी आणखी थोडी रुंद हवी होती, असं दर वेळी वाटायचं.

"आई, गाडीत बस. पोचलो," लेक म्हणाली.

मी म्हटलं, "पुढच्या गाड्या उतरू देत आधी."