मालकाचे नाव

ठाण्यात मी विक्रीकर सल्लागार म्हणून पाटी लावली तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. पाटीवर बाईचं नाव वाचूनही लोक आत डोकावून "साहेब कधी येतात?" असं विचारायचे, आणि मी चिडायचे. बाजारात विक्रीकराच्या, म्हणजे सेल्स टॅक्सच्या, नंबराला सरसकट एस.टी. नंबर म्हणत, त्यामुळे एकदा एक गृहस्थ माझ्याकडे बसच्या पासाची चौकशी करायला आले होते. रोज फॉर्म भरभरून माझा हात इतका बसला होता की समोरचा खुर्चीत टेकायच्या आत माझे पहिले चार रकाने भरून झालेले असत. या घाईचा मला चक्क गर्व होता. त्याच घाईपायी मी एका बाईची ऑर्डर घालवण्याच्या बेतात होते.

ती ठाण्यालगतच्या बाळकुम गावची, पंचेचाळिशीची. घराच्या ओटीवर चार शिलाई मशिनं टाकून शेजारच्या तिघींना हाताशी घेऊन ती कामगारांचे जाड कापडी हातमोजे शिवायची. आजवर माल ठाण्यातला एक व्यापारी उचलायचा आणि स्वतःच्या बिलावर कारखान्यांना विकायचा. आता माजिवड्याजवळच्या एका कारखान्याने तिलाच वर्षभराचं काम देऊ केलं होतं. अट एकच: बिल तिचं हवं आणि बिलावर विक्रीकराचा नंबर हवा. त्यासाठी पुढच्या महिनाअखेरपर्यंत मुदत होती. नंबर वेळेत आला नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं आणि चार घरांची मिळकत पुन्हा त्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहणार होती.

"नंबर म्हंजे गाडीला असतो तसा का, ताई?" तिने विचारलं.

"साधारण तसाच, काकी," असं म्हणून मी पेन उघडलं. "मालकाचं नाव?"

ती खाली बघून जराशी हसली. पिशवीतून रेशनकार्ड काढून तिने माझ्यासमोर ठेवलं आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. मी ते नाव उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती फॉर्मवर नवऱ्याची सही घेऊन आली आणि मी तो दाखल केला.

तिच्याकडे मालक म्हणजे नवरा, आणि त्याचं नाव बायको तोंडाने घेत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणू? डोंबिवलीत माझी स्वतःची आई जन्मभर "आमचे हे" याच्या पुढे गेली नव्हती. पाटीवरच्या नावासाठी लोकांवर डाफरणारी मी, मशिनं कोणाची आणि धंदा कोणाचा एवढं विचारायचं विसरले. आजही आठवलं की मला स्वतःचा राग येतो.

जागेच्या तपासणीला इन्स्पेक्टर आले त्या दिवशी मीही बाळकुमला गेले. नवरा एका कारखान्यात वॉचमन होता, ड्युटीवरून नुकताच आलेला. अर्ज त्याच्या नावाचा, म्हणून प्रश्नही त्यालाच.

"कापड कुठून आणता?"

"मना काय ठाव, साहेब. तिला इचारा."

"एका ताग्यात किती जोड निघतात?"

"त्ये पन तिलाच ठाव."

इन्स्पेक्टरांचं पेन थांबलं. दुसऱ्याच्या नावावर नंबर काढून खोटी बिलं फाडणारे तेव्हा कमी नव्हते, त्यामुळे त्यांचा संशय काही गैर नव्हता. "मॅडम, अर्जदाराला धंद्यातलं काहीच माहीत नाही. मी काय शेरा मारू?" ते मला म्हणाले. तसा शेरा पडला की अर्ज बाद, आणि नव्या अर्जाकडेही सगळे त्याच नजरेने बघणार. मी काहीतरी सारवासारव करू लागले.

काकीने मला हातानेच थांबवलं. तागा आणून तिने त्यांच्यासमोर उलगडला. "साठ जोड निघतात, साहेब. ओढून कापलं तर दोन जास्त निघतील, पन मग आंगठा उसवतो. वेल्डिंगवाल्याला तळवा डबल लागतो. कापड भिवंडीचं." धागा कुठला, कोणती सुई मोडते, कोणत्या कारखान्याला कोणतं माप लागतं, सगळं तिने एका दमात सांगितलं. कागद हातात नव्हता की आवाज कापत नव्हता. इतक्या वर्षांत मोठमोठे शेठ मी इन्स्पेक्टरांपुढे चाचरताना पाहिले आहेत. तिच्यासारखं बोलताना कोणाला पाहिलं नाही.

"मग मालक कोण?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मालक ह्येच," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. "धंदा माजा हाय."

इन्स्पेक्टर आधी बुचकळ्यात पडले, मग हसले. हा अर्ज मागे घ्या, या बाईंच्या नावाने आजच्या आज नवा द्या, मुदतीत बसवू, असं ते म्हणाले. नवऱ्याने मान हलवली. "तिचंच नाव लिवा, ताई. काम ती करते, मी कशाला मधी?" त्या माणसाबद्दल मला फार बरं वाटलं.

तिथेच ओटीवर मी नवा फॉर्म उघडला. या वेळी सावकाश विचारलं, "काकी, तुमचं नाव?" तिला क्षणभर थांबावं लागलं. गावात सगळे तिला थोरल्या मुलाची आई म्हणूनच हाक मारत. तिने नाव सांगितलं तेव्हा मशिनवरच्या एकीने मान वर केली, तिला ते माहीतच नव्हतं. काकी चौथी शिकलेली होती. एकेक अक्षर सुटं काढत तिने सही केली. मी घाई केली नाही.

मुदतीला पाच दिवस असताना प्रमाणपत्र आलं. ते न्यायला ती ऑफिसात आली तेव्हा मी सगळं नीट समजावलं. प्रत्येक बिलावर नंबर छापायचा, जागा बदलली तर कळवायचं. "आणि काकी, हा कोणाला वापरायला द्यायचा नाही, विकता येत नाही. तुमच्यामागे मुलाने धंदा चालवला तरी त्याला हा मिळणार नाही, त्याचा वेगळा काढावा लागेल. हा तुमच्याबरोबर संपतो." तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं.

"कोनालाच नाय देता येत?"

"नाही."

ती कागदाकडे बघत राहिली. "घर सासऱ्याच्या नावावर हाय. शेत भावाभावांचं. आंगावरचं सोनं सुनांना जायचं," ती म्हणाली. "ह्यो तेवढा माजाच."

मग तिने मला तो नंबर तीनदा मोठ्याने वाचायला लावला, आणि चौथ्यांदा कागद पालथा घालून स्वतः म्हणून दाखवला.