एकाच कडेने झिजलेला पट्टा

आमच्या गॅरेजात दोन भाऊ, म्हणून गिऱ्हाइकांनीच त्यांना नावं पाडली होती: वरचे आणि खालचे. खालचे म्हणजे माझे यजमान. चाकांच्या फळीवर पाठ टेकली की गाडीखाली गडप. वरचे म्हणजे माझे धाकटे दीर, कायम बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. चष्म्याला दोरी, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि तोंडात शब्द मोजून चार. लग्न केलं नाही, जन्मभर आमच्यातच जेवले. तीस वर्षांत दोघांनी एकमेकांच्या कामात नाक खुपसलं नाही, असं मी समजत होते.

खालचे गेल्या वर्षी गेले. जेवून हात धुवायला उठले आणि बेसिनपाशीच बसले. तेवढंच. बायका म्हणाल्या, रड, मोकळी हो. मला रडूच येत नव्हतं. स्वयंपाक करायचे, वाढायचे, भांडी घासायचे, वरच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर बसायचे. भूक लागत नव्हती, आणि लागत नाही याचंही काही वाटत नव्हतं. भावजींचं तेच. त्यांनी ती फळी भिंतीला उभी करून ठेवली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

दोनेक महिन्यांनी नर्सबाईंची गाडी आली. या घरोघर जाऊन बाळंतिणी बघतात, त्यामुळे गाडी म्हणजे त्यांचे पायच. इंजिन पार कामातून गेलं होतं. भावजींनी दुसरं चांगलं इंजिन आणलं, एकट्याने चढवलं, आणि जुन्यावरचा बॅटरी भरणारा डायनॅमो काढून त्याला लावला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. नवव्या दिवशी डायनॅमो फिरवणारा पट्टा तुटला.

"माल नकली होता," भावजी म्हणाले आणि दुसरा पट्टा घातला. तो सहा दिवस टिकला. मग त्यांनी बेअरिंग बदललं, तेल कुठे गळतंय का पाहिलं, पट्ट्याचा ताण अंगठ्याने दहादा दाबून बघितला. तिसरा पट्टा चौथ्या दिवशी भर रस्त्यात गेला. बॅटरी उतरली, गाडी बंद. पुढे एक बाई कळा देत होती आणि नर्सबाई पिशवी घेऊन चालत निघाल्या.

"पोहोचले वेळेवर," त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "पुढच्या खेपेला पोहोचेनच असं नाही." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गल्लीला तर निमित्तच हवं होतं. खरा कारागीर खालचा होता, वरचा नुसता सोबतीला, असं लोक आम्हाला ऐकू येईल इतपत हळू बोलायला लागले. जेवताना भावजी म्हणाले, "वहिनी, चौथा पट्टा गेला तर शटर ओढतो. टायरवाला बोलावतोय, त्याच्याकडे हवा भरायला जातो."

"बरं," मी म्हटलं. तीस वर्षांचं दुकान, आणि पाणी वाढा म्हटल्यासारखं मी बरं म्हटलं. आज त्याची लाज वाटते. तेव्हा काहीच वाटलं नाही.

सकाळी चहा घेऊन खाली गेले. टेबलावर तिसरा पट्टा पडला होता. उगाच हातात घेतला, हाताला सवय म्हणून कडा चाचपली.

"भावजी, हा एकाच कडेने झिजलाय."

"मग?"

"माझ्या मशीनचा पट्टा असा झिजला तर मी पट्ट्याला बोल लावत नाही. चाक बघते. चाक वाकडं बसलेलं असतं."

त्यांनी माझ्या हातातला पट्टा घेऊन उजेडात धरला. मग लोखंडी पट्टी घेऊन आले, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दोन्ही पुल्यांना, म्हणजे पट्टा फिरतो त्या चाकांना, टेकवून पाहिलं. डायनॅमोची पुली चांगली तीन मिलिमीटर आत होती. डायनॅमो तोच, तो धरणारा ब्रॅकेट तोच, बोल्टही तेच. तरी आत.

ते मागच्या कोपऱ्यात गेले. जुनं इंजिन तिथे पोत्याखाली पडलं होतं. ब्रॅकेट जिथे बसत होता तिथला चिकट काळा थर त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडला, आणि मधे भोक पाडलेल्या तीन पत्र्याच्या चकत्या टपकन खाली पडल्या. ब्रॅकेटमागे सारलेल्या. मी एक पदराने पुसली. तिच्यावर अर्धं निळं फूल होतं.

माझा चहाचा ट्रे! पाच वर्षांपूर्वी तो नाहीसा झाला तेव्हा मी आळ घेतला भावजींवर. आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरला. आणि तो कापून बसलेले आमचे हे गृहस्थ आम्हा दोघांच्या मधे बसून खाली मान घालून जेवत होते. पक्के लबाड.

भावजी हसले नाहीत. "हा डायनॅमो दुसऱ्या गाडीचा. तेव्हा मीच आणून या गाडीला लावला होता, बसतो म्हणालो होतो," ते म्हणाले. "दादाने खालून सरळ करून घेतला. मला बोलला नाही. असं किती वेळा केलं असेल, वहिनी? म्हणजे माझं काम तीस वर्षं..."

मला धीराचे शब्द सुचत नाहीत. मी विचारलं, "तुम्ही त्यांना सगळं सांगत होतात?"

त्यांनी एक चकती उचलून पुसली. मग म्हणाले, "दादाचा डावा कान गेला होता. दहा वर्षं झाली. इंजिनाचा आवाज त्याला नीट कळायचा नाही. तो चहाला वर गेला की त्याने लावलेलं मी पुन्हा जुळवायचो."

दहा वर्षं मी समजत होते की हा माणूस माझं ऐकतच नाही.

खरं तर मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आला तो राग. "ट्रे चांगला होता हो," मी म्हणाले, आणि 'होता' म्हणताना आवाज फुटला. मग थांबेना. तीन महिन्यांचं सगळं त्या एका ट्रेपायी बाहेर पडलं. भावजी दुसरीकडे बघत चकत्या रॉकेलमध्ये धूत राहिले.

मग त्यांनी भिंतीची फळी खाली घेतली आणि गाडीखाली गेले. पाय तेवढे बाहेर. मी पायांकडे बघितलं नाही.

"चकत्या घातल्या. पट्टी धरा," खालून आवाज आला. "सरळ आहे?"

मी वाकून पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही. अजून केसभर आत आहे."

खाली पाना ठेवल्याचा आवाज आला. मग भावजी म्हणाले, "घरात दुसरा ट्रे आहे?"

"आहे," मी म्हटलं आणि वर जाऊन घेऊन आले.

चौथा पट्टा दहा महिने चालतोय. शटर रोज वर जातं. नर्सबाई आल्या की तीन कप चहा मी ट्रेवाचून दोन फेऱ्यांत नेते.