पत्र्याचा उतार

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही — आणि ती तर त्याच पत्र्याखाली भांडी घासायची. पाऊस वाजायला लागला की मला एका जागी बसवत नाही. घरभर येरझाऱ्या घालतो. बायको म्हणते, वाताचा त्रास. मीही हो म्हणतो.

चांदवडच्या बाजूला, कमी पावसाच्या मुलखात, मी एका कचेरीत कारकून होतो. राहायची खोली कचेरीला चिकटून, आणि अंगणात तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक. रोज सकाळी त्यातलं पाणी मापात ओतायचं, आकडा तालुक्याला कळवायचा — हे काम माझं. आजूबाजूच्या सगळ्या गावांचा पाऊस म्हणजे ते एक भांडं. दुष्काळ धरायचा की नाही, टँकर द्यायचा की नाही, हे ठरवताना वरचे लोक आधी तोच आकडा बघत.

दोन हजार साल उलटल्यावर मी एक जुनी स्कूटर घेतली. तिच्यासाठी कुंपणाला लागून पत्रा ठोकला, साहेबांना न विचारता. उतार कुंपणाकडं.

पूर्वीसारखी झड लागली असती तर कदाचित निभावलं असतं. पण पावसाची चालच बदलत होती. महिनाभर दडी, मग तासाभरात धो धो. अशाच एका दुपारी मी दारात चहा पीत होतो. पत्र्यावरून पाण्याची धार उडाली आणि थेट मापकात पडली. मी पाहिलं — अगदी डोळ्यांनी पाहिलं. सकाळी माप भरभरून निघालं. तोच आकडा कळवला.

का? पत्रा विनापरवानगी होता, साहेब चारचौघांत झापतील, एवढंच. उद्या बघू म्हणालो. त्या पावसाळ्यात असे पाऊस आणखी झाले, आणि माझा उद्या काही उजाडला नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, जवळच्याच गावात दिलेली. पोळ्याच्या सुमाराला आली. म्हणाली, "लय पाऊस दावतंय म्हनं तुझं यंत्र. आमच्याकडं ढेकूळबी भिजलं नाय रे."

तेव्हा बोलता आलं असतं. घरात आम्ही दोघंच होतो. मी काय म्हणालो, ऐका — "अक्का, यंत्र खोटं बोलत नाही. तुमच्याच शिवाराला पावसानं वगळलं असेल."

तिनं ऐकलं. शिकलेल्या भावाचं कोण ऐकत नाही? गावात लोक तक्रार घेऊन निघाले होते, त्यांनाही तिनंच थांबवलं — माझा भाऊ मोजतो, चूक व्हायची नाही. गाव टंचाईच्या यादीत यायचं राहिलं. माघापासूनच बाया विहिरीत उतरून तळातलं पाणी वाटीनं भरू लागल्या. चैत्रात अक्का पायऱ्यांवरून भरल्या हंड्यासकट घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ते नीट जुळलंच नाही.

दवाखान्यातून आलो आणि पत्र्याचा उतार फिरवला. दोन खिळे काढायचे, एक वासा सरकवायचा — चहा निवायच्या आत काम झालं. तरीही कुणाला काही बोललो नाही. टँकर सुरू झाला तेव्हा वैशाख संपत आला होता.

अक्का आता काठी घेऊन चालते. दर भाऊबीजेला एसटीनं येते, पिशवीत माझ्यासाठी बाजरीचं पीठ. त्या सालाचा विषय निघून गावात कुणी माझ्या मोजणीवर शंका घेतली, तर ती आजही भांडायला उठते, असं भाचा सांगतो. माझा भाऊ थेंबाचाबी घोळ करायचा नाय, म्हणते.

परवाही ओवाळताना तिला पाटाशी वाकता येईना. मीच उठून उभा राहिलो. तिनं उभ्यानंच ओवाळलं.