घर आक्कांचं

निपाणीजवळच्या आमच्या नव्या वसाहतीत पुढे जास्त मिळकतीच्या लोकांच्या मोठ्या इमारती आहेत आणि मागे आमच्यासारख्यांची एका खोलीची घरं. ही छोटी घरं सरकारी योजनेत बाईच्याच नावावर मिळतात. चाव्या वाटल्या त्या दिवशी रांगेत आईच्या पुढे बिड्या वळणारी एक बाई उभी होती. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. चावी घ्यायला तिच्या नवऱ्यानं हात पुढे केला, तेव्हा चाव्या देणारे साहेब म्हणाले, "अण्णा, घर आक्कांचं हाय." तिनं तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं पदराला पुसली आणि चावी घेतली.

त्यांचं घर आमच्या शेजारीच निघालं. ती एकटीच आत गेली आणि तिनं कडी लावली. नवरा हसत दार वाजवू लागला.

"उघड की गं!"

"भाड्याच्या खोलीतनं लई येळा भायेर काढलासा मला," ती आतून म्हणाली. "आता इचारून आत यायचं."

आजूबाजूच्या दारांतल्या बायका हसल्या. त्याचं हसू मात्र थांबलं. त्यानं चपला काढल्या आणि हळू आवाजात विचारलं, "येऊ का?"

मग कडी निघाली. उंबऱ्यावर उभी राहून ती म्हणाली, "या."

ती माझी कुणी लागत नाही, तरी त्या एका शब्दाचा मला अजून अभिमान वाटतो.