दीड दिवसात पसंत

कादंबरी लिहायला मला अकरा वर्षं लागली आणि ती प्रकाशकाला पसंत पडायला दीड दिवस.

यात काही खटकण्यासारखं आहे, असं मला वाटलं नाही. मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. (वेग, काळ, अंतर हे माझे रोजचे विषय. तरीही वाटलं नाही.) सोमवारी सकाळी चारशे बारा पानांचं हस्तलिखित लातूरला कुरिअरनं रवाना केलं, मंगळवारी ते तिथं पोचलं आणि बुधवारी संध्याकाळी प्रकाशकांचा फोन आला.

"सर, वाचायला बसलो ते जेवायचं विसरलो," पलीकडून भरलेला आवाज आला. "मराठवाड्याच्या मातीतून असं काही उगवलं नव्हतं आजवर."

मी उभा राहून ऐकत होतो. बसून ऐकणं बरं दिसलं नसतं. प्रकाशनाचं नाव सांगत नाही, कारण एव्हाना ते बदललेलं असण्याची शक्यता आहे. त्यांची जाहिरात मी मोबाइलवर पाहिली होती. तिच्यात शाल पांघरलेले सतरा लेखक एका रांगेत उभे होते आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं. तसं समाधान माझ्या चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोतही नाही. त्या रांगेत अठरावा उभा राहायचं, एवढी एकच इच्छा मला उरली होती.

अट एकच होती. 'लेखक सहभाग योजना'. म्हणजे छपाईचा खर्च लेखकानं द्यायचा, पाचशे प्रती लेखकानंच घ्यायच्या आणि त्या बदल्यात एक राज्यस्तरीय पुरस्कार पक्का. रक्कम ऐकून माझी बायको सुनंदा म्हणाली, "एवढ्यात तर पोरीचं इंजिनिअरिंगचं एक वर्ष निघंल." मी म्हणालो, साहित्य आणि इंजिनिअरिंग यांची तुलना करू नये. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलायचा अर्ज मी आधीच करून ठेवला होता, पैसे खात्यात आलेही होते, हे मात्र बोललो नाही.

"तिकडं परदेशात," मी विषय बदलला, "लेखकाला एक एजंट असतो. तो प्रकाशक शोधतो, बोलणी करतो, माणसं पारखून घेतो. आपल्याकडं तशी सोयच नाही."

"हाय की," सुनंदा म्हणाली. "सरूआत्या."

सरूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. राहते रेणापूरला. शाळा चौथीपर्यंत. तिनं आजवर किती लग्नं जमवली याची मोजदाद नाही, पण तिनं जमवलेलं एकही मोडलं नाही, असा तिचा दावा आहे. आणि समोरासमोर तो खोडायची कुणाची छाती नाही. मला हसू आलं. तोवर सुनंदानं फोन लावून स्पीकरवर टाकलासुद्धा.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दिग्या, किती पानं म्हणलास?"

"चारशे बारा."

"आन् दीड दिवसात हाव म्हणला?"

"हो."

"कायच नाव ठेवलं न्हाई? रंग सावळाय, उंची कमी हाय, आसं कायबी?"

"कादंबरीला उंची नसते, आत्या."

"तसं न्हवं रे. पोरगी बघायला येतात ते धा नावं ठिवतात, मग कुठं हाव म्हणतात. जो बघायच्या आधीच हाव म्हणतो ना, त्याच्या घरात कायतरी लपवायचं असतंय. मी येते. माझ्याबिगर सुपारी फोडू नको."

शनिवारी आम्ही नवरा-बायको नांदेडहून बसनं निघालो. माझ्या खिशात चेकबुक होतं. सुनंदाच्या पर्समध्ये दशम्या होत्या. (दोघांचा माझ्या साहित्यावरचा विश्वास यावरून कळावा.) आत्या रेणापूरहून आधीच लातूरला येऊन पोचली होती. प्रकाशनाच्या इमारतीखाली इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर स्टूल टाकून, हातात चहाचा कप घेऊन ती बसली होती. इस्त्रीवाला तिला 'मावशी' म्हणत होता. म्हणजे किमान अर्धा तास झाला असणार.

"सोयरिकीचा तपास करायचा तर घरच्यांना कवाच इचारू नाही," ती उठत म्हणाली. "शेजाऱ्याला इचारावं. वर दोन वर्षांमागं मंगल कार्यालयाचं बुकिंग व्हतं. त्याच्या आधी शेळीपालनाची ट्रेनिंग. आता पुस्तकं. बोर्ड बदलतोय, मानूस त्योच हाय."

"बहुउद्देशीय संस्था असेल," मी म्हणालो.

वर गेलो आणि माझं भान हरपलं. भिंतभर फोटो! सगळीकडं शाली, हार, मानचिन्हं. मधोमध प्रकाशक बसलेले. जाकीट, कपाळाला गंध, बोटात तीन अंगठ्या. ते उठून माझ्या पायाकडं वाकले. माझ्या चाळीस जणांच्या वर्गानं मला आजवर कधी उभं राहून नमस्कार केला नाही आणि इथं साक्षात प्रकाशक वाकत होते. मीही वाकलो. दोघांची डोकी आपटली.

"सर, शेवट वाचून मला बोलता येईना," ते डोकं चोळत म्हणाले.

"कोणता शेवट?" आत्यानं विचारलं.

"तोच, आजी. गोदावरीच्या काठावरचा."

माझी कादंबरी उमरीच्या बसस्थानकावर संपते. पण मला क्षणभर वाटलं, वाचणारा जाणकार असला की त्याला बसस्थानकातही गोदावरी दिसत असावी. मी म्हणालो, "बरोबर पकडलंत."

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मी चेकबुक काढलं.

"जरा पाणी मिळंल का?" आत्या म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता आतल्या खोलीकडं चालू लागली. मुलीकडच्या बायका पाणी मागतात त्या तहानेनं नव्हे, हे मला लग्नाला बावीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं. पाण्याच्या निमित्तानं आत जायचं, घर बघायचं, भांडी किती, सुना किती, त्यांचे चेहरे कसे, हे सगळं एका घोटात बघून यायचं. प्रकाशक घाईनं उठले, पण आत्या आत पोचली होती.

मी चेकवर तारीख घातली. नाव लिहिलं. सहीतला 'दि' काढला.

आत्या बाहेर आली. पाणी प्यालेली नव्हती. काखेत एक खाकी पुडकं होतं.

"आधीच्या सुना आत हायत," ती सुनंदाला म्हणाली. "छतापस्तोर. लोकांनी धाडलेले गठ्ठे सुतळीतून सुटले बी न्हाईत. आन् ही बग आपली पोरगी. तू बांधलीस तशीच हाय."

सुनंदा शाळेत शिक्षिका आहे. ती कोणताही कागद दहावीच्या उत्तरपत्रिकांसारखा बांधते: खाकी कागद, दाभणानं शिवण, गाठीवर लाख. ती लाख जशीच्या तशी होती. एक टवकासुद्धा उडाला नव्हता.

मी प्रकाशकांकडं पाहिलं. ते फॅनकडं बघत होते. "दुसरी प्रत वाचली," ते म्हणाले.

दुसरी प्रत जगात नव्हती. झेरॉक्स काढतो, काढतो, असं मी तीन वर्षं म्हणत होतो. मी अजूनही काहीतरी खुलासा असेल म्हणून थांबलो होतो. तोवर सुनंदानं टेबलावरच्या कात्रीनं शिवण कापली. खाकी कागद उघडला आणि वरचं पान तिनं मोठ्यानं वाचलं:

"विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन. गच्चीवरील पाण्याच्या टाकीस झाकण बसविणेबाबत."

मी आमच्या अपार्टमेंटचा सचिव आहे. टाकीवरून आमच्यात वाद झाला होता, तो एका सरकारी कचेरीपर्यंत गेला होता आणि कचेरीनं सगळ्या सभांची इतिवृत्तं मागवली होती. सुनंदानं एकाच रविवारी दोन्ही गठ्ठे बांधले. वरचे पत्ते मी घातले. (चुकीचे.)

आता प्रकाशक गप्प बसतील असं कुणालाही वाटेल. पण मोठी माणसं मोठी का असतात, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी पुडकं हळूच पुढं ओढलं, दोन पानं चाळली आणि डोळे मिटले.

"प्रयोगशील आहे, सर. ठरावांमधून उलगडत जाणारी कथा. आणि ती टाकी! टाकी म्हणजे आपला समाज. झाकण नसलेला."

खोटं कशाला बोलू? मला ते पटलं. चौथ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांचा सभात्याग मी खरंच चांगला लिहिला होता. सहीतला 'ग' काढायला माझा हात पुढं सरकला.

"दिग्या," आत्या शांतपणे म्हणाली, "पोरगी बदलून आली तरी ह्याला पसंतच हाय. ह्यो सोयरा न्हाई. ह्यो गिऱ्हाईक हुडकतोय. ऊठ."

तिच्या आवाजात राग नव्हता. पण मी उठलो आणि नवल म्हणजे प्रकाशकही उठले. सुनंदानं माझ्या हातातून चेक घेऊन त्याचे चार तुकडे केले आणि पर्समध्ये दशम्यांशेजारी ठेवले. जिन्यावर मी आत्याकडं बघत राहिलो. परदेशातले एजंट म्हणे उत्पन्नातला हिस्सा घेतात. हिनं फक्त इस्त्रीवाल्याचा चहा घेतला होता, तोही त्याच्याच पैशानं.

खाली आल्यावर मी टपरीपाशीच थांबलो. इतिवृत्तं इथं आहेत, तर कादंबरी कुठं आहे? कादंबरी नांदेडच्या कचेरीत होती. अकरा वर्षं, एकच प्रत, आणि कचेरीत गेलेला कागद परत येतो असं आमच्या घराण्यात कुणी पाहिलेलं नाही. बसमध्ये मी दशमी खाऊ शकलो नाही. आत्या बरोबर आली होती. ती माझी पण दशमी खाऊन म्हणाली, "पोरगी दुसऱ्याच्या दारात गेलीय. जाऊन आणू."

सोमवारी सकाळी आम्ही तिघं कचेरीत. वाघमारे नावाचे कारकून बसले होते, पन्नाशीचे, नाकावर चष्मा. त्यांच्या समोर माझी कादंबरी उघडी पडलेली आणि पानापानाला लाल शाईच्या चिठ्ठ्या.

"तुम्हीच सचिव?" ते म्हणाले. "बसा. चार मुद्द्यांवर खुलासा पाहिजे."

आम्ही बसलो.

"एक. पान दोनशे बारावर रंगनाथ मयत झालाय. पान दोनशे साठवर त्योच रंगनाथ लग्नात पंगतीला बसलाय. खुलासा?"

मी पान पाहिलं. खरं होतं. अकरा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. सुनंदाच्याही आलं नव्हतं, आणि तिनं तर दोनदा वाचल्याचं मला सांगितलं होतं. ती खिडकीबाहेर बघू लागली.

"दोन. मालतीबाई पान चाळीसवर खिडकीत उभ्या राहिल्या. त्यांना पुढं कोणी बसवलंच न्हाई. तीन. पान तीनशे एक ते तीनशे चाळीस विषयाला धरून न्हाई, वगळावं."

ती माझी सर्वांत आवडती चाळीस पानं होती. ती लिहिताना मी दोनदा रडलो होतो.

"चार. ह्या सगळ्यात तुमच्या सोसायटीचा नोंदणी क्रमांक कुठंच न्हाई."

"साहेब," मी म्हणालो, "ती कादंबरी आहे."

"ते पान तीसपस्तोर आलं ध्यानात. पण आवक-जावकला नोंद झाली व्हती. आता आलेला कागद असाच कसा सोडावा?"

आत्या उठली. ती माझ्या कानाशी आली. "नावं ठेवली," ती म्हणाली. "म्हंजे बघितली. दिग्या, मानूस खरा हाय."

घरात कपाटावर, मित्रांच्या पिशवीत ती चारशे बारा पानं कुठं कुठं पडून होती, आणि जगात एक माणूस निघाला होता ज्यानं मालतीबाई उभ्या आहेत हे पाहिलं होतं. मला त्यांच्या पायाला हात लावावासा वाटला. डोक्याचं टेंगूळ अजून दुखत होतं म्हणून लावला नाही.

"साहेब," मी कसंबसं विचारलं, "तुम्ही सगळी वाचलीत? शेवटच्या पानापर्यंत?"

"वाचावीच लागली की," वाघमारे चष्मा पुसत म्हणाले. "मंजूर करायची असती तर वरचं पान बघून सही केली असती आन् मोकळा झालो असतो. नामंजूर करायला कारणं लिहावी लागतात, सर."

कादंबरी परत मिळाली; तिच्यावरच्या नामंजुरीच्या शेऱ्याची एक प्रतही मी मागून घेतली. त्यावर गोल शिक्का आहे. ती मी फ्रेम करून हॉलमध्ये लावली आहे. पाहुणे विचारतात, पुरस्कार कुठला? मी सांगतो, पूर्ण वाचल्याचा.