मुंबीच्या लेकी

माझी सासू न्यागूथी तोंडाची भारी तिखट. गोऱ्यांच्या राज्यात त्यांनी नेमलेला चीफ आमच्या मुरांगा भागातल्या बायकांना वेठीला धरून, माती वाहून जाऊ नये म्हणून डोंगरउतारावर बांध घालायला लावायचा. तेव्हा सासूबाईंनी गाणं रचलं: आधी चीफच्या पोटावर बांध घाला, आमची सगळी माती तिथंच घसरून गेलीय. शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव. अख्खा डोंगर ते गाणं म्हणायचा.

आता तेच गाणं नैरोबीच्या एका प्राध्यापकाच्या पुस्तकात आलं. नणंदेनं वाचून दाखवलं: कवी अज्ञात, लोकगीत. सासूबाई दोन दिवस मका-घेवड्याच्या गिथेरीच्या घासाला शिवल्या नाहीत.

प्राध्यापक गिचेहा नव्या आवृत्तीसाठी टेप घेऊन गावात आला, तेव्हा त्यांनी त्याला गाठलंच. तो बिचारा समजावू लागला, की या गाण्याची कर्ती म्हणजे अवघी जनता, एकीचं नाव घातलं की गाणं लहान होतं.

"मग पुस्तकावर तुझं नाव कशाला रे बाबा? तेही जनतेनंच लिहिलं असेल की."

मला हसू आवरेना. तो खाली मान घालून म्हणाला, एक साक्षीदार द्या, नाव छापतो.

तेव्हाच्या बायकांपैकी एकच उरली होती, पलीकडच्या डोंगरावरची वारिगिया. आम्ही तिघं निघालो. सासूबाई पोरीसारख्या पुढं पळत होत्या.

वारिगियानं चहा दिला. गिचेहानं कागद काढून विचारलं, गाणं कुणी रचलं? म्हातारीचा चेहराच मिटला.

"मुंबीच्या लेकींनी."

मुंबी म्हणजे आम्हा गिकुयूंची आदिमाता. तिच्या लेकी म्हणजे सगळ्याच, आणि कुणीच नाही.

मग सासूबाईंनीच आम्हाला सांगितलं. पोलीस नाव शोधत आले होते, सापडतं तर सासूबाईंचा जीवच जाता. बायकांनी बकऱ्याच्या रक्तावर एकमेकींना शपथ घातली, विचारलं तर एवढंच सांगायचं. शेवटच्या ओळीतलं नावही काढून तिथं मुंबीच्या लेकी घातल्या. पोलिसांनी वारिगियाची दोन बोटं मोडली, तरी ती हेच म्हणत राहिली.

"सांग गं आता," सासूबाई म्हणाल्या. "ते राज्य गेलं. मी सोडवते तुला शपथेतून."

"तू सोडवशील. पण बाकीच्या हेच बोलून मेल्या. मी एकटीनं वेगळं बोलू?"

सासूबाई तिच्या वाकड्या बोटांकडे बघत राहिल्या. मग गिचेहाला म्हणाल्या, कागद ठेव आत, आहे तसंच छाप. वारिगियानं समाधानानं त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतला.

परतीच्या वाटेवर त्या मधेच खाली बसल्या आणि रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसले.

"मला ओळखणारं एकच माणूस उरलंय गं," त्या म्हणाल्या, "आणि ते माझ्याशी इमान राखून बसलंय."