शिंप्याने वाचलेलं साप्ताहिक

बीबी गावच्या आठवडी बाजारातला शिंपी मला साप्ताहिक वाचून दाखवायचा. मी दुसरी नापास, पण ‘चष्मा घरी राहिला’ म्हणायचो. सरकारचं नाव आलं की तो मशीनवरचा पाय थांबवून माझ्याकडे बघायचा, मग तारीफ वाचायचा. नवं महाराष्ट्र सरकार म्हणजे आपलंच, म्हणून मी खूश.

एकदा चहाच्या हॉटेलात मी छातीठोक म्हणालो, “हे साप्ताहिक आपल्या बाजूचं हाय.”

शेजारी बसलेले शाळेचे गुरुजी हसले. “आबा, ते तर सरकारले दर आठवड्याले झोडपते.”

मी तडक दुकानात गेलो. “काऊन बे, खोटं वाचत होता?”

“खरं वाचलं असतं, तर तुम्ही आले असते का, आबा?”

आता तो आधी विचारतो, “छापलेलं वाचू, का तुमचं?”

“छापलेलंच वाच,” मी ऐटीत म्हणतो, आणि दुसऱ्या ओळीला मला घरचं काम आठवतं. गेल्या बाजारी मात्र चार ओळी बसलो.